'आय एम गुड' म्हणजे हो की नको?

प्रश्न असा आलाय: "मी गोव्यातला, पेडण्याचा. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करून कांदोळीला एका हॉटेलात ब्रेकफास्टला लागलोय, तीन आठवडे झाले. एका गेस्टला 'मोर कॉफी, सर?' विचारलं, तो हसून 'आय एम गुड' म्हणाला म्हणून मी ओतायला लागलो, त्याने घाईने कपावर हात धरला आणि कॉफी टेबलक्लॉथवर गेली. मी सॉरी म्हटलं तर 'यू आर गुड' म्हणाला. नंतर सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं. गुड म्हणजे चांगलं ना, मग यात नको कुठे आलं? आणि पुढच्या महिन्यात दुसरीकडे इंटरव्ह्यू आहे, तिथे 'हाऊ आर यू' ला 'आय एम गुड' म्हटलं तर चालतं का, शाळेत सरांनी फाईनच म्हणायला शिकवलंय."

बाबा, आधी सरळ उत्तर, त्याला कॉफी नको होती. कोणी काही देऊ केलं, वाढू का विचारलं, मदत करू का विचारलं आणि समोरचा 'आय एम गुड' म्हणाला की ते नको असतं, शंभरातल्या नव्याण्णव वेळा. तो हसला म्हणून तुला हो वाटलं, पण ते हसणं नको गोड करून सांगण्यासाठी असतं. (तू म्हणते म्हणून रागावू नको, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे.)

आता मी कोण सांगणारी, तर १९ वर्षं हॉटेलात काढली, त्यातली पहिली ८ कॉफी शॉपमध्ये ट्रे उचलत आणि बाकीची फ्रंट ऑफिसला, आणि आता म्हापश्याला हॉटेलच्या नवीन पोरापोरींना बोलण्याचं ट्रेनिंग देते. मूळची डिचोली तालुक्यातली, प्राथमिक शाळा मराठी, घरात कोंकणी-मराठीची खिचडी, इंग्लिश पाचवीपासून. त्यामुळे तू जिथे घसरलास तिथे मी पण घसरलेय, आणि माझी गोष्ट तुझ्यापेक्षा वाईट आहे. पहिल्याच सीझनला एका अमेरिकन बाईला विचारलं, मॅडम पॅनकेक आणू का अजून, ती म्हणाली 'ओह, आय एम गुड', आणि मी दोन पॅनकेक आणले. तिने मुकाट खाल्ले बिचारीने. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत 'आय एम गुड', परत दोन. तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्या पोराच्या सेक्शनमध्ये जाऊन बसली आणि मला वाटलं हिला माझी सर्व्हिस आवडली नाही, म्हणून आठवडाभर तोंड पाडून फिरत होते. हे मला कोणी समजावून सांगितलं नाही, पुढच्या वर्षी आपोआप कळलं.

तर यात नको कुठून आलं? मी पोरांना एकच सांगते, इथला 'गुड' डोक्यात 'चांगला' म्हणून ठेवू नका, 'पुरो' म्हणून ठेवा. आपण कोंकणीत पुरो म्हणतो, मराठीत पुरे. भात वाढायला आलेल्याला पानावर हात आडवा धरून 'पुरो पुरो' म्हणतो ना, तेच. आय एम गुड म्हणजे माझं आहे ते भागलंय, मला काही कमी नाही. कॉफीबद्दल विचारलं तर कॉफी पुरे, सामानाबद्दल विचारलं तर मी उचलतो माझं, टॅक्सीबद्दल विचारलं तर माझी सोय झालीय. शब्द तोच, कसली कमी नाही ते मागच्या प्रश्नावरून ठरतं. म्हणून उत्तर ऐकताना स्वतः काय विचारलं होतं ते लक्षात ठेवावं लागतं, आणि नवीन पोरं नेमकं तेच विसरतात कारण पाठ केलेलं वाक्य तोंडातून गेलं की लक्ष ट्रेकडे.

पण खरं सांगू का, ही चूक नुसती इंग्लिशची नाही. पोरगा घरून आलेला असतो आणि घरी नको म्हणजे नको नसतंच. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कोणाकडे गेलं की पहिल्या 'नाका'ला, म्हणजे नकोला, कोण किंमत देतं? नेवऱ्या (करंज्या) नको म्हटलं की दोन पडतात, मग अगो एक तरी घे म्हणत तिसरी. नको म्हणणं ही रीत आणि तरी वाढणं ही पण रीत, नाहीतर घरी जाऊन पाहुणा म्हणणार आग्रहसुद्धा केला नाही. ती सवय घेऊन आपण युनिफॉर्म घालतो आणि साहेब हसून गुड म्हणाला की मनात येतं लाजतोय, ओतूया थोडी. तिथल्या लोकांत तसं नसतं, विशेषतः अमेरिकन माणूस एकदा नको म्हणाला की विषय संपला, परत विचारलं तर त्याला वाटतं हा ऐकत नाहीये किंवा बिल वाढवायला बघतोय. तू ओतलीस ना, त्यात आपला आग्रह पन्नास टक्के होता असं माझं मत, गुडचा अर्थ पन्नास टक्के.

आता हाऊ आर यू. इथे कोणी काही देऊ केलेलं नाही, तब्येत विचारलीय, म्हणून आय एम गुड म्हणजे बरा आहे, मजेत आहे. चूक अजिबात नाही. शाळेत फाईन शिकवलं कारण पुस्तकात तेवढंच होतं. काही जुने लोक म्हणतात 'आय एम वेल' च म्हणा, गुड म्हणजे सज्जन, स्वतःला सज्जन काय म्हणता, पण ते ग्रामरने पण टिकत नाही. एम, इज, फील, लुक असल्या शब्दांपुढे विशेषण येतंच, आय एम हॅपी म्हणतो तसं आय एम गुड. गडबड होते ती डूइंग लावलं की, 'आय एम डूइंग वेल' म्हणजे माझं ठीक चाललंय आणि 'आय एम डूइंग गुड' म्हणजे काटेकोर अर्थाने मी समाजसेवा करतोय, आता बोलताना लाखो लोक ठीक चाललंय याच अर्थी म्हणतात हे वेगळं. इंटरव्ह्यूत डूइंग गुड टाळ एवढंच.

गंमत म्हणजे हे मराठीत पण आहे. कसा आहेस विचारल्यावर आपण 'बरा आहे' म्हणतो, 'मी चांगला आहे' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल हा स्वतःला सर्टिफिकेट देतोय. कोंकणीत तर इंग्लिशसारखं एकच शब्दाचं काम, बरो मनीस म्हणजे चांगला माणूस आणि हांव बरो आसां म्हणजे माझी तब्येत ठीक. म्हणून गोंयकाराला हे इंग्लिश गुड खरं तर पुण्यामुंबईच्या पोरापेक्षा लवकर समजायला पाहिजे, समजत नाही कारण आपण मनात कोंकणीतून इंग्लिशमध्ये न जाता शाळेच्या मराठी शब्दार्थातून जातो. गुड बरोबर चांगला, असं वहीत लिहिलेलं.

इंटरव्ह्यूचं सांगायचं तर मोठ्या हॉटेलात, जिथे सगळं जरा इस्त्रीचं असतं, तिथे 'आय एम वेरी वेल, थँक यू, अँड हाऊ आर यू, मॅम' म्हण. गुड म्हटलास तरी नोकरी जाणार नाही, पण मागचं थँक यू आणि उलट विचारणं विसरलास तर ते नोंद करतात. बीचवरच्या रेस्टॉरंटला किंवा शॅकला जातोयस तर आय एम गुड एकदम चालतं, तिथे वेरी वेल म्हटलं तर उलट बटलर आल्यासारखं वाटतं.

आता 'वुई आर गुड', कारण सीझन सुरू झाला की हे तुला रोज ऐकायला मिळणार. चौघे बसलेत, जेवण झालंय, तू विचारलंस 'एनीथिंग एल्स?' आणि एकजण सगळ्यांकडे बघून म्हणाला 'नो, वुई आर गुड'. म्हणजे आता काही नको, आणि बहुतेक वेळा पुढचं न बोललेलं वाक्य असतं की बिल आण. लगेच फोल्डर आदळू नको, 'शाल आय गेट यू द चेक, सर' विचार, ब्रिटिश असतील तर चेक नाही, बिल म्हण. बिल १८४० रुपये झालं, त्याने दोन हजार ठेवले, तू सुटे आणायला वळलास आणि तो हात हलवून 'वुई आर गुड' म्हणाला की बाकीचे तुझे, तोच पुरोवाला अर्थ, हिशोब पुरा झाला. पण इथे मी नेहमी एकदा विचारायला लावते, 'आर यू शुअर, सर?' कारण कधी कधी त्याला एवढंच म्हणायचं असतं की पैसे बरोबर दिलेत ना, आणि तेव्हा त्याचा सूर वर जातो, 'वुई गुड?' असा. वर गेलेला सूर म्हणजे प्रश्न, तो हिशोब विचारतोय. खाली आलेला सूर म्हणजे तो हिशोब मिटवतोय. या एका सुरावरून टिपच्या पैशांची भांडणं झालेली मी बघितलीत.

हाऊसकीपिंगच्या पोरींना पण हे लागतं. दार वाजवलं, आतून आवाज आला 'वुई आर गुड!', म्हणजे आज खोली नको करायला. एका पोरीने हे ऐकून मास्टर की लावून दार उघडलं होतं, तिला वाटलं ते म्हणतायत आम्ही ठीक आहोत, ये आत. पुढचं मी लिहीत नाही. तेव्हा वुई आर गुड ऐकलं की शीटवर सर्व्हिस रिफ्यूज्ड लिहायचं, टॉवेल आणि पाणी बाहेर हवंय का तेवढं दाराबाहेरूनच विचारायचं आणि पुढच्या खोलीला जायचं.

आणि भांडणानंतरचा एक 'आर वुई गुड?' असतो. दोघांत काहीतरी वाजलं, मग एकजण येऊन विचारतो 'आर वुई गुड?', म्हणजे आपल्यात आता काही राहिलं नाही ना, मनात काही नाही ना. उत्तर 'वुई आर गुड'. तुझा सुपरवायझर असं कधी विचारणार नाही ते मला माहितीय, पण विचारलं तर तब्येत सांगू नको.

थोड्या फसव्या जागा सांगते, कारण मागे काय लागलंय त्याने अर्थ फिरतो. 'आय एम गुड' म्हणजे नको, पण 'आय एम गुड फॉर वन मोर' म्हणजे अजून एक चालेल, आण! बारमध्ये हे ऐकू येतं, संगीतात पुढचे शब्द गेले की पंचाईत, म्हणून बारवाल्या पोरांना मी सांगते ओठ बघा. 'आय एम गुड टू गो' म्हणजे माझी तयारी झालीय, निघू शकतो, पण याचा अर्थ दर वेळी तो चालला असा पण नाही, डॉल्फिन ट्रिपला बोटीत बसून लाइफ जॅकेट घालून माणूस गुड टू गो म्हणतो तेव्हा बोट सोडा असं सांगत असतो. 'आय एम गुड विथ दॅट' म्हणजे मला ते चालेल, सी व्ह्यू नाही गार्डन व्ह्यू आहे सर, तो म्हणाला आय एम गुड विथ दॅट, रूम दे. 'ही इज गुड फॉर इट' म्हणजे पैशाला खोटा नाही, देईल. कूपन 'गुड फॉर टू' म्हणजे दोघांना चालतं, 'गुड टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत चालतं. बघ, सगळीकडे पुरेसं, लागू, कमी न पडणारं असाच वास येतो. एकच यात बसत नाही, 'फॉर गुड', ते कायमचं. 'शी लेफ्ट फॉर गुड' म्हणजे बाई चांगल्यासाठी गेली असं नाही, परत यायची नाही. आमच्याकडे एका पोराने एका लाँग स्टे गेस्टची चौकशी करणाऱ्याला हेच वाक्य उत्साहाने सांगितलं, खरं तर बाई फक्त हंपीला चार दिवस गेली होती, शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीचं तोंड पांढरं पडलं.

आता गेस्ट कुठला त्याने पण फरक पडतो. आय एम गुड मुळात जास्त अमेरिकन वळणाचं, आता तरुण ब्रिटिश पण सर्रास म्हणतात, पण वयस्कर ब्रिटिश जोडपी, जी वर्षानुवर्षं ऑक्टोबर ते मार्च सीझनला कांदोळी-कळंगुटला किंवा खाली केळशीला येतात, त्यांच्या तोंडात वेगळं असतं, 'आय एम ऑल राइट, थँक्स'. अर्थ तोच, नको. त्याहून डोकं फिरवणारं म्हणजे 'यू आर ऑल राइट, लव्ह'. तू सामान उचलायला वाकलास आणि आजी म्हणाली 'यू आर ऑल राइट, लव्ह', तर ती तुझं कौतुक करत नाहीये आणि प्रेमात तर नाहीच, राहू दे रे पोरा म्हणतेय. आणि सकाळी समोर आल्यावर 'यू ऑल राइट?' म्हणाले की ते नुसतं काय रे, बरं मू? आहे. मी सुरुवातीला दर वेळी घाबरून 'येस सर, व्हाय सर?' विचारायचे, मला वाटायचं माझा चेहरा आजारी दिसतोय की काय. 'यू ऑल राइट?' ला 'ऑल राइट, यू?' एवढंच परत फेकायचं आणि चालू लागायचं. ऑस्ट्रेलियन असला तर 'ऑल गुड' आणि 'नो वरीज'. 'ऑल गुड' नको पण असू शकतं आणि काही हरकत नाही पण, परत तेच, आधी काय विचारलं ते बघ.

मोरजी-हरमलकडे लागलास तर रशियन जास्त, त्यांच्याकडे हा घोळ कमी. त्यांचं इंग्लिश आपल्यासारखंच शिकलेलं, नको असेल तर सरळ नो म्हणतात, आपल्याला ते तुसडं वाटतं पण समजायला सोपं. जर्मनांची एक खोड मात्र लक्षात ठेव, वाढायला गेल्यावर नुसतं 'डांके' म्हणाले तर ते थँक यू असलं तरी बहुतेक वेळा नको असतं, हवं असेल तर 'बिटे' म्हणतात. फ्रेंचांचं 'मेर्सी' पण तसंच. म्हणजे नको म्हणायला नको हा शब्द न वापरणं ही काही इंग्लिशवाल्यांचीच मक्तेदारी नाही. आपण तरी काय करतो, घरातून निघताना 'येतो' म्हणतो, जातो म्हणत नाही, एखाद्या परक्याने शब्दार्थ लावला तर तो दारात वाट बघत उभा राहील.

फ्लोअरवर प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते, कारण सुपरवायझरला अर्थाशी घेणं नाही, टेबलक्लॉथशी आहे. कॉफी पॉट घेऊन गेलास की विचारताना पॉट कपाच्या वर धरायचा नाही, अंगाजवळ धरायचा. उत्तर ऐकायचं, शब्द नाही कळला तर हात बघायचा, कपावर हात आला, कप थोडा मागे सरकला, बोटं हलली, मान तिरकी झाली, हे सगळं नको. कप तुझ्याकडे सरकवला किंवा हात मागे घेतला तर हो. तरीही शंका राहिली तर 'नो मोर कॉफी, सर?' असं उलटं विचारू नको, कारण त्याला येस आलं तर कुठलं येस हा नवीन घोळ, आपल्याकडे येस म्हणजे 'हो, नको', त्यांच्याकडे येस म्हणजे 'हो, हवी'. त्यापेक्षा 'शाल आय पोअर, सर?' म्हण, त्याला येस नाहीतर नो असंच उत्तर येतं. पण एकदाच. दुसऱ्यांदा विचारलंस की चवथीच्या नेवऱ्या झाल्या.

आणि गेस्टला स्वतः नको म्हणताना तू आय एम गुड वापरू नको. गेस्ट म्हणाला बस जरा, किंवा बिअर घे एक, तर 'आय एम गुड' तुझ्या तोंडून कोरडं लागतं, बरोबरीच्या माणसाला म्हणायचं ते आहे. 'दॅट्स वेरी काइंड ऑफ यू, सर, बट आय एम ऑन ड्यूटी' म्हण. दोस्तांत काय म्हणायचं ते म्हण.

राहिलं 'यू आर गुड'. तू सॉरी म्हणालास त्यावर तो 'यू आर गुड' म्हणाला, म्हणजे तू चांगला मुलगा आहेस असं नाही, आणि टोमणा तर मुळीच नाही. असू दे, तुझ्याकडे काही बाकी नाही, सॉरीची गरज नव्हती, असं. उलट गेस्ट चुकून तुझ्या वाटेत आला आणि सॉरी म्हणाला तर तू त्याला यू आर गुड म्हणू नको, 'नॉट ॲट ऑल, सर' म्हण. म्हणजे गेस्टने तुला माफ केलं होतं त्याच क्षणी, सुपरवायझरला ते कळलं नाही कारण तो लांब उभा होता. तो गेस्ट अजून हॉटेलात असेल तर उद्या सकाळी जा, गुड मॉर्निंग म्हण, पॉट अंगाजवळ धर आणि विचार. कदाचित या वेळी तो कप पुढे करेल.